पारडं स्थिर होईपर्यंत

त्यांना सगळे काटेकाका म्हणत. खरं आडनाव अगदीच वेगळं होतं, पण पोस्टमन सोडला तर ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. दुकानादुकानांतले तराजू दुरुस्त करायचे, पारडी समतोल करायची, काटा नेमका मध्यावर आणायचा आणि मग त्यावर शिशाचं बारीक सील दाबायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. भाजीवाल्याचा काटा, किराणावाल्याचा काटा, भंगारवाल्याचा भलाथोरला काटा. आणि या सगळ्यांच्या वर मान असलेला, काचेच्या पेटीतला औषधवाल्याचा काटा. त्याच्या पारड्यात भुवईचा एक केस ठेवला तरी ते खाली जाई.

नवरा काका झाला की बायको ओघानेच काकू होते, तशा त्या काकू झाल्या होत्या. देवभोळ्या, नीटनेटक्या, आणि लाटण्यापासून जपमाळेपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा देणाऱ्या.

घर तळमजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्यातली मागची खोली काकांच्या कामाची. पेटीतला काटा दुरुस्तीला आला की त्या खोलीचा पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद. बाहेरच्या कडीला एक लाल चिंधी बांधलेली असे. चिंधी असेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, हाक मारायची तीही एकदाच. "माणूस आत आला की त्याच्याबरोबर वारा येतो," काका म्हणत. "पारडं स्थिर व्हायला मला अर्धा तास लागतो. तुम्ही एका 'चहा हवा का'मध्ये तो पुसून टाकता."

लेक लहान होती तेव्हा त्या दारावरून चवड्यांवर चालत जाई. एकदा तिने आईच्या कानात विचारलं होतं, "आई, मी आत्ता शिंकले तर कुणाचं औषध कमी होईल का गं?" काकूंनी पदरात तोंड खुपसून हसू दाबलं होतं. आता ती लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, पण फोनवर अजून विचारायची, "बाबा काट्यावर आहेत का?" काट्यावर आहेत याचा घरातला अर्थ एकच: जवळ जाऊ नका.

काकांना मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली होती. आधी गोळ्या, मग दोन वर्षांपूर्वी इन्सुलिन.  त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर काकांनी एक वही घेतली, पट्टीने रेघा ओढल्या आणि तारीख, वेळ, साखर, युनिट असे रकाने पाडले. त्या वहीत एक आकडा खोडलेला सापडायचा नाही. उपाशीपोटी शंभर यायला हवी म्हणजे शंभर. एकशे तीस आली की काका वहीकडे असे बघत, जसं काही कुणी दुकानदाराने पारड्याखाली मेण चिकटवलंय.

सुरुवातीला डॉक्टरीणबाईंनीही कौतुक केलं. "माझ्या सगळ्या पेशंटना दाखवायला हवी ही वही." काका आठ दिवस त्या शब्दांवर जगले. पण पुढच्या वर्षी बाईंनीच वही चाळता चाळता चष्मा काढून ठेवला.

"काका, इथे अठ्ठावन्न आहे. इथे बावन्न. इथे परत चौपन्न. या वेळी काय झालं होतं तुम्हाला? हात थरथरले? घाम आला? भूक भूक झालं?"

"काही नाही. काम करत होतो."

"तेच वाईट आहे. पूर्वी व्हायचं ना?"

"व्हायचं. आता शरीराला सवय झाली."

"सवय नाही झाली, शरीराने ओरडणं सोडलंय. शुगर वरचेवर खाली गेली की धोक्याची घंटा वाजेनाशी होते. बावन्नला माणूस हसत बोलत असतो आणि चाळीसला एकदम कोसळतो." मग त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. शुगर सत्तरच्या खाली आली की हातातलं काम टाकायचं. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, नाहीतर अर्धा ग्लास फळांचा रस. पंधरा मिनिटांनी परत तपासायची, वर आली नसेल तर परत तेवढंच. वर आली की पोटात काहीतरी घालायचं. "आणि तुमचं लक्ष्य मी थोडं सैल करतेय. उपाशीपोटी एकशे चाळीसपर्यंत चालेल."

काका खुर्चीत ताठ झाले. "चालेल? आज शंभर आणि उद्या एकशे चाळीस दाखवणारा काटा मी गिऱ्हाइकाला दिला तर तो मला परत उंबऱ्यावर उभा करेल का?"

"तुमच्या काट्याला कधी चक्कर येऊन तो रस्त्यात पडलाय का, काका?"

काकूंना हसू आलं. काकांना आलं नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या हातात एक नारिंगी डबी ठेवली. शुद्ध हरपली तर द्यायचं इंजेक्शन. "शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, मध नाही. घास श्वासनळीत जातो. कुशीवर वळवायचं, हे इंजेक्शन मांडीत द्यायचं, गाडी बोलवायची. बसा, मी शिकवते." पण काका दारापर्यंत पोचलेसुद्धा होते. "माझ्या अंगाला सुई लावायची तर मीच लावीन. चल." काकूंनी डबी पर्समध्ये टाकली आणि नवऱ्यामागे निघाल्या. डबी फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे जाऊन बसली.

खरं सांगायचं तर काकूंना एक गोष्ट दिसत होती, पण ती काय आहे ते कळत नव्हतं. अलीकडे काका जेवणाआधी फार चिडत. भाजीत मीठ नाही म्हणून एकदा चमचा भिरकावला होता, आणि भाजीत मीठ होतं. जेवण झालं की मात्र तेच काका बडीशेप चघळत म्हणत, "मघाशी काय झालं होतं गं मला?" वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनींना काकू थट्टेने सांगत, "आमच्याकडे राग पोटात राहतो, दोन घास गेले की बाहेर पडतो." दोघी हसत. देव अशा वेळी खूण देत असतो असं काकूंना आता वाटतं. आपण ती खूण थट्टेत उडवली, असंही वाटतं.

त्या दिवशी औषधवाल्याचा काटा आला होता. तो लहान मुलांसाठी पुड्या बांधून देई, म्हणून त्याचा काटा काका दरवर्षी स्वतः बघत. संध्याकाळी द्यायचा शब्द होता. सकाळी साखर दोनशे बारा आली. काकांनी ठरलेल्या मात्रेवर चार युनिट जास्त घेतली. दहा वाजता पाहिली तर एकशे अठ्ठ्याण्णव. नुसतं घ्यायचं आणि वाट बघायची, हे त्यांच्या हाताला जमत नसे. पारडं वर राहिलं की एक कण टाकायचा, अजून वर राहिलं की आणखी एक टाकायचा, हीच त्यांची रीत. त्यांनी परत सहा युनिट घेतली. आधीचं इन्सुलिन अजून अंगात काम करत होतं, ते संपायला चार तास लागतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं होतं. पण इन्सुलिन डोळ्यांना दिसत नाही. वजन दिसतं.

मग पंखा बंद, खिडकी बंद, कडीला लाल चिंधी.

बारा वाजता काकूंनी ताट मांडलं आणि दाराबाहेरून हाक मारली. "अहो, जेवायला चला. गरम आहे."

"जा म्हटलं ना!"

आतून इतक्या जोरात आवाज आला की काकू एक पाऊल मागे सरल्या. काकांनी आधी "जा" म्हटलेलंच नव्हतं. काकूंनी ताटावर ताट झाकलं. राग ओसरेपर्यंत जाऊ नये, हा या घराचा बत्तीस वर्षांचा नियम. त्या देवासमोर बसल्या, माळ हातात घेतली, मन शांत व्हावं म्हणून मोठी माळ.

माळ निम्मी झाली असेल, आतून पितळेचं वजन फरशीवर पडल्याचा आवाज आला. टण्ण, आणि मग गोल गोल घरंगळत जाऊन थांबला.

काकांच्या हातून वजन कधी पडत नसे. ते वजन बोटांनीही उचलत नसत, चिमट्याने उचलत, बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं म्हणून. काकूंचं बोट मण्यावर थांबलं. उठावं का? पण चिंधी बांधलेली. आणि माळ अर्धवट सोडायची नाही, हे त्यांच्या आईने सांगितलेलं.

काकूंनी माळ पूर्ण केली.

हे त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही, लेकीलाही नाही. फक्त देवाला रोज सांगतात.

दारापाशी गेल्या, "अहो" म्हणाल्या. परत म्हणाल्या. मग चिंधीसकट दार ढकललं.

खोलीत कोंडलेल्या उन्हाचा आणि घामाचा वास होता. काका खुर्चीतून अर्धे घसरलेले, एक गाल टेबलाच्या कडेला. सदरा पाण्यातून काढल्यासारखा. डोळे अर्धवट उघडे, पण बघत नव्हते. दात घट्ट मिटलेले, आणि उजवा हात जागच्या जागी झटके देत होता. काचेच्या पेटीतलं पारडं मात्र एकदम स्थिर होतं, आणि काकूंच्या पावलांनी ते हलू लागलं.

काकू स्वयंपाकघरात धावल्या, वाटीत साखर घेतली, पाणी ओतलं, बोटानेच ढवळलं. ओरडत होत्या की देवाचं नाव घेत होत्या ते त्यांनाही आठवत नाही, पण वरच्या वहिनी जिन्यावरून चपला न घालता आल्या.

"काकू, ओता, ओता! मी तोंड उघडते."

वाटी ओठांपर्यंत गेली. ओघळ हनुवटीवरून खाली आला. आणि काकूंना ते वाक्य आठवलं: पाणी नाही, साखर नाही, मध नाही. त्यांनी वाटी अशी फेकली की भिंतीवर डाग पडला.

"वहिनी, ओतू नका! वळवा त्यांना, कुशीवर वळवा. आणि फोन करा, गाडी बोलवा."

लोणच्याची बरणी बाजूला पडली, नारिंगी डबी हातात आली. आत एक सुई, त्यात पाणी, एक लहान बाटली, त्यात पांढरी पूड, आणि चित्रांचा कागद. काकूंनी तो कागद टेबलावर पसरला, पोथी उघडतात तसा, आणि बोट ठेवून ओळ ओळ वाचली. पाणी बाटलीत घाला. हलवा. विरघळेपर्यंत. परत सुईत ओढा. वहिनी फोनवर पत्ता सांगता सांगता रडत होत्या.  काकांच्या लेंग्यावरूनच काकूंनी मांडीत सुई घातली. नवऱ्याच्या अंगाला त्यांनी लावलेली ती पहिली सुई.

"आता?" वहिनींनी विचारलं.

"आता पारडं स्थिर व्हायची वाट बघायची," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

गाडी आली तेव्हा काका कण्हत होते. गाडीवरच्या माणसाने बोट टोचलं. एकोणचाळीस. "ही इंजेक्शन दिल्यावरची शुगर ना? मग आधी किती असेल," तो पुटपुटला आणि शिरेतून ग्लुकोज चालू केलं. "किती वेळ असे होते, बाई?"

काकूंनी जपाचे मणी मनात मोजले. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी काका माणसं ओळखू लागले. सातव्या दिवशी घरी आले. चालत होते, जेवत होते, वही मागून घेत होते. पण शंभरातून सात वजा करत खाली जायला सांगितलं की शहाऐंशीला अडकत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदू किती वेळ उपाशी होता कोण जाणे, बरंचसं परत येईल, सगळं येईलच असं नाही. आता चार तास झाल्याशिवाय वरचं इन्सुलिन नाही. आकडा थोडा वरच ठेवायचा. काही आठवडे शुगर एकदाही खाली गेली नाही तर धोक्याची घंटा कदाचित पुन्हा वाजू लागेल. या वेळी काकांनी वही उघडून ते लिहून घेतलं. 

लेक रजा काढून आली होती. तिने प्रत्येक खोलीत साखरेचा डबा ठेवला आणि मागच्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून घेतलं. काका बघत राहिले.

"मला आता चिडायचीही सोय राहिली नाही," एकदा ते म्हणाले. कारण आवाज जरा चढला की काकू यंत्र घेऊन हजर. "अहो, बोट." पंच्याण्णव, एकशे दहा, एकशे बावीस. काका म्हणत, "लिही. इथे नवरा खराच चिडला होता." त्यावर सगळे हसले होते, काकाही.

घरी येऊन चार-पाच दिवस झाल्यावर त्यांनी विचारलं, "औषधवाल्याचा काटा कुठाय?"

"तो केव्हाच घेऊन गेला," काकू म्हणाल्या. "तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. सील होतं त्यावर, मीच दिला."

"सील?"

"हो. तुमचंच."

काकांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "मी सील केलं होतं? केव्हा?"

त्यांना काही आठवत नव्हतं. वजन पडलेलं नाही, काकूंना ओरडलेलं नाही, सील तर नाहीच. त्यांनी वजनांची पेटी उचलली. काकू चपला घालून मागे. वाटभर काकूंनी पर्समधला साखरेचा पुडा मुठीत धरून ठेवला.

औषधवाल्याने खुर्ची दिली, चहा सांगितला. काकांना चहा नको होता. त्यांनी दुकानाचा पंखा बंद करायला लावला, हातमोजे घातले, चिमट्याने एक एक वजन ठेवलं. हात पूर्वीसारखा नव्हता, पण डोळा होता. पारडं डोलत राहिलं, डोलत राहिलं, मग थांबलं. काटा मध्यावर नव्हता.

काकांनी वजनांची अदलाबदल केली, परत पाहिलं. परत तिथेच.

"कणभर आहे हो काका," औषधवाला म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "एवढ्याने काय होतंय? दहा-बारा दिवसांत कुणाची तक्रार नाही."

"कणभर," काका म्हणाले. "मूल केवढं होतं त्यावर आहे ना ते?"

त्यांनी पेटीतली पक्कड काढली आणि स्वतःचं सील कापलं. चाळीस वर्षांत स्वतःचं सील त्यांनी कधी कापलं नव्हतं. शिशाचा तुकडा खिशात टाकला. "त्या दिवसापासून ज्यांना पुड्या दिल्यात त्यांना कळव. आणि हा काटा दुसऱ्या कुणाला दाखव. तो काय म्हणेल ते मान. माझं नाव सांगू नकोस."

"असं काय बोलता काका, तुमच्यासारखा माणूस..."

"भाजीवाल्यांचे करीन," काका म्हणाले. "भंगारवाल्याचे करीन. हे नाही."

घरी आल्यावर ते दार नसलेल्या खोलीत जाऊन बसले. पंखा चालू होता. टेबलावर भाजीवाल्याचा तराजू होता, त्याची पारडी पंख्याच्या वाऱ्याने उगाच वरखाली होत होती. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. काकांचे खांदे हलू लागले. आधी वाटलं खोकला. मग काकांनी हातातली पक्कड टेबलावर आपटली, परत आपटली, आणि तोंडातून असा आवाज काढला की काकूंच्या हातून झाकण पडलं.

त्या यंत्र घेऊन धावल्या. "अहो, बोट द्या. बोट द्या आधी."

काकांनी मान वर न करता बोट पुढे केलं. काकूंनी टोचलं, पट्टीला थेंब लावला. पाच सेकंद.

एकशे अठ्ठावीस.

साखरेच्या डब्याचं झाकण काकूंनी उघडलं होतं, ते परत लावलं. हे रडणं साखरेचं नव्हतं, काकांचं स्वतःचं होतं. त्याला किती चमचे आणि किती मिनिटं, ते कुठल्याच कागदावर लिहून मिळालं नव्हतं.

त्या तिथेच, फरशीवर, त्यांच्या पायाशी बसल्या. माळ आत देवापाशी होती. ती आणायला त्या उठल्या नाहीत.